डब्यातले चौदाशे रुपये

त्या सांजेला आम्ही सात जनी व्हतो. एक मी. माझ्या उजव्या हाताला गजरेवाली, ती माझी जिवाची मैतरीन. तिच्या पल्याड दोघी जावा-जावा, त्या हार करायच्या, दिवसभर भांडायच्या आन् एकाच डब्यातलं खायच्या. समोर लिंबू-मिरचीवाली, तोंडानं फाटकी. नळापाशी दुर्वा-तुळस विकनारी म्हातारी, तिला कमी ऐकू यायचं. सातवी केळीच्या पानांवाली, सगळ्यांत लहान, तवा पोटुशी व्हती. गजरेवालीची पोरगी आईजवळ सुई-दोरा घिऊन बसलेली, पन ती भिशीत नव्हती. नावं कुनाची लिहीत नाय. ज्या हायेत त्यांना कळंल, ज्या गेल्या त्यांच्या नावाचा आता काय उपेग.

नाशकाच्या फुलबाजारातली ही गोष्ट. एक सिंहस्थ होऊन गेला व्हता, दुसरा यायचा व्हता, त्या मधल्या सालांतली.

भिशी म्हंजे एकीनं महिन्याला पाचशे टाकायचे. पन एकदम पाचशे फुलवालीकडं कुठून येनार? म्हनून रोजचे पंधरा, कधी वीस, असे माझ्याकडं द्यायच्या. माझा पत्र्याचा डबा व्हता बिस्किटाचा, त्यात मी ठेवायची. मी तिसरीपर्यंत शिकलेली, आकडे मांडता यायचे, म्हनून डबा माझ्याकडं. महिना भरला की साडेतीन हजार व्हायचे, ते एकीला मिळायचे. कुनाला द्यायचे त्याला आमच्यात चिठ्ठ्या नव्हत्या, वाचतंय कोन! एका पिशवीत जिनं तिनं आपला माल टाकायचा. मी झेंडूचं फूल, ती मोगऱ्याची कळी, तिसरी दुर्वाची जुडी. म्हातारीनं डोळे मिटून हात घालायचा. पयल्याच महिन्यात लिंबू निघालं, तवा जावा-जावा एका सुरात वरडल्या, "लिंबू हाताला टनकन लागतं, असं नाय चालायचं!" लिंबूवाली म्हनली, "मंग तुम्ही बी नारळ टाका, कोन नको म्हनतंय?"

दुसऱ्या महिन्यात मोगरा निघाला व्हता. म्हंजे गजरेवालीचा नंबर. पन तेव्हा माझे मालक शिविल दवाखान्यात व्हते, पोटात पानी झालेलं. ती म्हनली, "मला घाई नाय. आक्काला द्या." तिचे पैसे मला दिले आन् ती मागं राहिली. मागं राहत राहत शेवटची राहिली. माझे मालक काय राहिले नाय. त्याच महिन्यात गेले.

तर ती सांज. घट बसायच्या आदल्या दिवसाची. ठरलं असं, की शेवटचा नंबर गजरेवालीचाच, काढायचं काय राहिलंच नाय. पैसे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायचे. मी म्हनले, "आताच घे की गं, पुरे होत आलेत." ती म्हनली, "नगं आक्का. माझ्या घरात पैसा ऱ्हात नाय, दादला हुंगत येतो. तुझ्याच डब्यात असू दे. मला कोजागिरीला लागत्यात."

कोजागिरीला कशाला, ते आम्हा सगळ्यांना ठावं व्हतं. तिच्या आईच्या दोन पाटल्या व्हत्या सोन्याच्या. कुनाच्या आजारपनात नाय, दादल्यापायी त्या सराफाकडं गहान पडल्या व्हत्या, तीन हजारात. वर्षाची बोली. वर्ष कोजागिरीला भरत व्हतं. आन् पोरीचं लग्न तुळशीनंतर घोटीच्या पोराशी ठरलेलं. पाटल्या पोरीच्या हातात घालून तिला वाटं लावायची, येवढंच त्या बाईच्या डोक्यात. पोरगी गजरा ओवता ओवता लाजली. लिंबूवाली तिला म्हनली, "घोटीला चाललीस, आता भाताशिवाय काय खायला मिळनार नाय तुला. भाकरीची आठवन आली तर ये माघारी." सगळ्या हसल्या. म्हातारीला ऐकू गेलं नाय तरी ती बी हसली.

हे हसनं मला अजून ऐकू येतं. त्याच्यानंतर आम्ही सात जनी एका जागी हसलो नाय.

आता माझं सांगते. मालकांच्या दवाखान्याला मी पतसंस्थेतून दहा हजार काढले व्हते. जामीन माझा पोरगा. तो सातपूरला कंपनीत, राहायला सिडकोत, बायको-पोरांना घिऊन. मालक गेल्यावर माझे हप्ते थकले. एक थकला, दोन थकले, तिसऱ्याला पोराच्या कंपनीत कागद गेला, की पगारातून कापू. पोरगा आला. बसला नाय, उभ्याउभ्याच बोलला.

"आई, माझ्या पगारातून कापलं तर मी घर कसं चालवू?"

"नाय कापनार. मी भरते."

"कधी?"

"दसऱ्यानंतर."

सून रिक्षातच बसून व्हती. तिथूनच म्हनली, "आत्याबाई, दसरा कोन्त्या वर्षाचा ते बी सांगा." मी चहा ठेवला व्हता तिघांचा. ते गेल्यावर एकटीनं कितीसा प्यायचा, मोरीत ओतला.

खोली माझी पंचवटीत, भाड्याची. मालक व्हते तवा खोकत व्हते, पन आवाज व्हता. आता चूल पेटवायचा बी कंटाळा. मी बाजारात लवकर जायची आन् उशिरा यायची, ती त्या खोलीपायी. आन् डोक्यात एकच, की पतसंस्थेचा कागद एकदाचा मिटवायचा, म्हंजे पोरगा माझ्या घरात बसंल. बसून चहा पिईल. येवढंच.

फुलबाजारात मोठे येपारी दसऱ्याला उभा प्लॉट घेत्यात. म्हंजे झेंडू शेतात उभा असतानाच शेतकऱ्याला रोख पैसे द्यायचे, मंग तोडनी आपली, गाडी आपली, नफा-तोटा बी आपला. आम्ही टोपलीवाल्या असलं कधी करत नसतो. आम्ही सकाळी आडत्याकडून किलोवर उचलायचं, सांजेला इकून द्यायचं. पन मी बघितलं व्हतं, मागच्या दोन सालांत ज्यांनी प्लॉट घेतले त्यांनी दुप्पट केले. घटाच्या पाचव्या माळेला मी डब्याकडं बघितलं. सगळ्यांचे आलेले, साडेतीन हजार पुरे. सहा दिवसांचा तर सवाल. सहा दिवसांनी साडेतीन जागच्या जागी आन् वरचे पतसंस्थेला. याची टोपी त्याला घालायची, आन् कुनाला कळायच्या आत काढून घ्यायची.

मी कुनाला इचारलं नाय. इचारायला घरात कोन व्हतं? गजरेवालीला इचारायचं तर पैसे तिचेच.

आडगावच्या पुढं एका म्हाताऱ्या माळ्याचा तुकडा व्हता, फुलानं पिवळाजर्द झालेला. अडीच हजार सांगितले त्यानं. मी पदरातून काढून दिले तर त्यानं मोजायच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"पोरी, एकटीच आली? पोरगं-बिरगं कोन नाय बरोबर?"

"नाय."

"यंदा झेंडू सगळ्यांनीच लावलाय. मी माझं नुकसान करून सांगतो. इचार कर."

मी म्हनले, "बाबा, तुम्ही पैसे मोजा."

त्यानं मोजले. तो मानूस मला थांबवत व्हता आन् मला वाटलं बाईमानूस बघून भाव खातोय.

तोडनीला बाया लावल्या, टेम्पो केला, त्यात सहाशे गेले. खंडेनवमीला सकाळी माल द्वारक्याच्या चौकात उतरवला, रस्त्याच्या कडंला. बघते तर माझ्यासारखे किती! जिकडं नजर जाईल तिकडं झेंडूचे ढीग. तरी गिऱ्हाईक व्हतं. एक मुंबईवाला आला, सगळा ढीग एकदम मागितला, आठ रुपये किलोनं. हिशेब केला असता तर माझे पैसे निघून थोडे वर राहत व्हते. मी म्हनले, पंधरा. तो म्हनला, "मावशी, उद्या दोननं बी कोन घेनार नाय." मी म्हनले, "उद्या दसरा हाय, उद्याच बघू." तो हसून गेला. बाजूला एक टेम्पोवाला बसला व्हता बिडी ओढत, तो म्हनला, "आक्का, द्यायचा व्हता. तुमच्या तोंडावर घाबरलेलं दिसतंय आन् तुम्ही शेठावानी भाव सांगता." खरंच बोलला. हातात दुसऱ्याचा पैसा असला की मानूस थोडक्यात खूश होत नाय. त्याला सगळं भोक एकदम बुजवायचं असतं.

दसऱ्याच्या सकाळी दहा रुपये, अकरा वाजता पाच. दुपारनंतर लोक बोलत बी नव्हते, फुलांवरनं चालत व्हते. एका बाईनं दोन रुपयांत पिशवी भरून घेतली आन् वर म्हनली, "अजून एक मूठ टाका की, फेकूनच देनार ना?" मी टाकली. बाकीचं तिथंच सोडून आले. सोनं वाटत व्हते लोक एकमेकांना, मला बी एका पोरीनं आपट्याचं पान दिलं. मी घेतलं आन् चालत घरी आले.

डब्यात मोजले. चौदाशे रुपये.

आता खरी चूक झाली ती हितनं पुढं. झेंडूत पैसा बुडाला ती चूक मी चूक मानत नाय, धंद्यात बुडतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले नाय, ती चूक.

गजरेवालीला पैसे द्यायचा दिवस, आन् मी खोलीत. शेजारच्या बाईजवळ निरोप दिला, ताप आलाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी बी गेले नाय. तिसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. मी गोधडी घिऊन पडले. गजरेवाली आली व्हती, पदराखाली पितळीत मऊ भात आन् वर तूप.

माझ्या कपाळाला हात लावून म्हनली, "ताप तर उतरल्यासारखा दिसतोय गं."

मी गोधडी वर ओढली.

"खाल्लं का काय? नाय खाल्लं. मला ठावंच व्हतं. उठ."

तिनं मला बसवून भात खायला लावला. माझे पाय चेपले. डबा तिच्या डोळ्यांसमोर फळीवर व्हता. तिनं वर बघितलं बी नाय. मीच म्हनले, "तुझे पैसे…" येवढं म्हनले आन् पुढचा घास तोंडात घातला.

ती म्हनली, "पैसे काय पळून चाललेत का? तू बरी हो. कोजागिरीला मात्र ये, मला सराफाकडं जायचंय. नायतर मी हितं येऊन घिऊन जाईन."

तवा सांगायला पायजे व्हतं. तोंडात तिच्या हातचा भात व्हता. कोजागिरीला दोन दिवस व्हते. मी मान हलवली. ती गेली.

कोजागिरीच्या दिवशी मी सकाळीच खोलीला कुलूप लावून गंगेवर जाऊन बसले. आम्ही गोदावरीला गंगाच म्हनतो. कपडे धुनाऱ्या बाया, पिंडाला आलेली मानसं, सगळी आपापल्यात. मी पायरीवर दिवसभर बसले. एका जोगत्यानं इचारलं, "कुनाची वाट बघता?" मी म्हनले, "कुनाची नाय." दिवे लागायच्या वेळंला घरी आले, तर शेजारीन म्हनली, ती गजरेवाली दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपंला उंबऱ्यावर बसून व्हती बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी मी डबा घिऊन बाजारात गेले. सगळ्या व्हत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, प्लॉटाचं, द्वारक्याचं, तापाचं खोटं. डबा तिच्यापुढं ठेवला. "चौदाशे हायेत. बाकीचे फेडीन."

नळ तेवढा गळत व्हता. मंग म्हातारीनं इचारलं, "काय झालं? काय म्हनती ही?" लिंबूवालीनं तिच्या कानाशी जाऊन वरडून सांगितलं, "आक्कानं आपली भिशी खाल्ली!" अख्ख्या बाजारानं ऐकलं.

गजरेवालीनं डबा उघडला नाय. म्हनली, "काल किती व्हते ह्यात?"

"येवढेच."

"दसऱ्याच्या रातीपासनं येवढेच?"

"व्हय."

ती म्हनली, "सराफ काल म्हनला, सगळे नसतील तर नुसतं व्याज भर. सातशे वीस रुपये. अजून सहा महिने ठेवतो. मी म्हनले, आनते. तुझ्या दारात आले. कुलूप. ह्या सगळ्याजनींकडं मागितले, तर दसऱ्याला सगळ्यांनी आडत्याचं चुकतं केलेलं, कुनाच्या कनवटीला काय नव्हतं. आज सकाळी त्यानं पाटल्या मोडल्या." मंग डब्यावर हात ठेवून म्हनली, "आक्का, सातशे वीस तुझ्या डब्यात व्हते."

ती रडली नाय. पोरीला म्हनली, "चल, फुलं सुकत्यात." आन् दोघी ओवायला बसल्या.

मोडीतनं मुद्दल-व्याज कापून सराफानं वरचे काय थोडे हातावर टेकवले, ते लग्नाच्या वानसामानात गेले. पोरगी खोट्या पाटल्या घालून घोटीला गेली. मला बोलावनं नव्हतं. वरात गेली त्या वाटंला मी टोपली घिऊन बसले व्हते. कुनी बघितलं का नाय, ठावं नाय.

बाजारात मला कुनी हाकललं नाय. माझी जागा माझीच राहिली. नुसत्या टोपल्या सरकल्या. गजरेवालीची वीतभर पलीकडं गेली, जावांची अजून थोडी. समोरून लिंबूवाली पयले दिवसातनं दहा येळा शिव्या द्यायची मायेनं, "ए आक्के, मेली का जित्ती?" ते बंद झालं. शिव्यांशिवाय बसनं किती जड असतं ते मला तवा कळलं. भिशी परत सुरू झाली, सहा जनींची. पिशवीत झेंडू नव्हता.

मी मंग पयलं काम केलं ते पतसंस्थेत गेले. स्वतःहून, वसुलीवाला यायच्या आधी. साहेबापुढं उभी राहिले, म्हनले, येवढं येवढं देनं हाय, कमाई येवढी हाय, पोराचा पगार कापू नका. मला वाटलं हाकलून देतील. त्यानं खुर्ची दिली, वही बघितली, हप्ता अर्धा केला, वर्ष वाढवलं. म्हनला, "मावशी, पयला हप्ता चुकला तवाच यायचं ना. आम्हाला न सांगता थांबलात म्हनून दंड चढला." येवढं सोपं व्हतं. त्या दारात जायला घाबरून मी मैतरनीच्या पैशाला हात घातला व्हता.

गजरेवालीचे एकवीसशे राहिले व्हते. रोज पाच रुपये ठरवले. रोज सांजेला उठताना तिच्या टोपलीपाशी जायचं, पाच रुपये द्यायचे. ती घ्यायची, कनवटीला लावायची. बोलायची नाय. कधी पाऊस असला, धंदा नसला, तरी दिले. उपाशी राहून दिले असं नाय म्हननार, पन चहा सोडला. चौदा महिने तरी गेले असतील. कधीकधी देताना तिचं बोट माझ्या हाताला लागायचं. बास, येवढंच.

एकदा म्हनले, "पाटल्यांचे म्हनून वरचे बी देत जाईन, पाच-पाच." ती म्हनली, "घेतलेत तेवढे दे." चौदा महिन्यांत येवढंच बोलली.

शेवटचे पाच दिले तो दिवस साधाच व्हता, बुधवार. तिनं घेतले, म्हनली, "फिटले." मी म्हनले, "व्हय." दुसऱ्या दिवशी सांजेला उठले आन् पाय तिच्याकडं चालायला लागले सवयीनं. मधीच थांबले. आता जायला काम नव्हतं. तिनं बघितलं, मान खाली घातली, दोरा तोडला. मी घरी आले.

दुसऱ्या सिंहस्थाच्या आधी बाजाराच्या जागा हलवल्या. आमची ओळ मोडली. गजरेवाली पोरीकडं घोटीला राहायला गेली असं ऐकलं. पतसंस्थेचं फिटलं, पोराचा पगार कापला गेला नाय. पोरगा दिवाळीला येतो, बसतो, चहा पितो. मला वाटलं व्हतं तसंच झालं ते. तो चहा पितो तवा मी त्याच्याकडं बघत असते आन् मला भात आठवतो, पितळीतला.

मी घोटीला गेले नाय. गाडीभाडं नव्हतं म्हनून नाय. तिच्या दारात जाऊन काय बोलायचं, ते अजून सापडलेलं नाय.

वाचनाऱ्याला एवढंच सांगनं हाय. तुमच्याकडं कुनाचं देनं असंल आन् ठरल्या दिवशी देता येनार नसंल, तर तो दिवस यायच्या आधी त्याच्या दारात जा. जेवढे असतील तेवढे हातात घिऊन जा, आन् खरं सांगा. शिव्या खाव्या लागतील, त्या खा. पन आज जा.